सायगॉनमधील ३० एप्रिल: पाहुण्याने हा दिवस कसा पाहावा

एप्रिल सरत आला की व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहराच्या, म्हणजे जुन्या सायगॉनच्या, गल्लीबोळांत लाल कापडावर पिवळा पंचकोनी तारा असलेले झेंडे दिसू लागतात आणि इथे नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबांचे फोन सुरू होतात. कुठे उभे राहायचे, किती वाजता निघायचे, मुलांना न्यावे का, आपण परदेशी असल्यामुळे कोणी हटकेल का, असे तेच ते प्रश्न असतात. मी या शहरात काही वर्षे राहते आहे. २०२५ मध्ये युद्धसमाप्ती आणि देशाच्या पुनरेकीकरणाला ५० वर्षे झाली, तेव्हा सरावापासून शेवटच्या आतषबाजीपर्यंत मी बहुतेक सगळे रस्त्यावर उभे राहून पाहिले. त्या अनुभवावरून हे मार्गदर्शन लिहिले आहे. ज्यांना हा सोहळा नीट, सुरक्षितपणे आणि यजमानांचा मान राखून पाहायचा आहे, त्यांना ते पुढच्या वर्षांतही उपयोगी पडेल.

आधी दिवस कसला आहे ते समजून घ्या

१९५४ च्या जीनिव्हा करारानंतर व्हिएतनाम सतराव्या अक्षांशाजवळ दोन भागांत विभागला गेला. पुढच्या २१ वर्षांचा शेवट ३० एप्रिल १९७५ रोजी सकाळी झाला. उत्तरेच्या सैन्याचे रणगाडे सायगॉनमधील स्वातंत्र्य प्रासादाच्या दारातून आत शिरले, प्रासादाच्या गच्चीवर झेंडा चढला आणि दक्षिणेचे अखेरचे राष्ट्राध्यक्ष झुआंग व्हान मिन्ह यांनी शरणागती जाहीर केली. प्रासादाच्या हिरवळीवर आजही ३९० आणि ८४३ हे क्रमांक रंगवलेले दोन रणगाडे उभे आहेत; मूळ रणगाडे हानोईत आहेत. मुख्य दरवाजा ८४३ क्रमांकाच्या रणगाड्याने पाडला असे बरीच वर्षे मानले जात होते. फ्रेंच छायाचित्रकार फ्रांस्वाज दमुल्दे यांची त्या सकाळची छायाचित्रे पुढे आल्यावर तो मान ३९० चा असल्याचे स्पष्ट झाले. हिरवळीवरच्या फलकापाशी ही गोष्ट आपल्या मुलांना सांगणारे आजोबा मी पाहिले आहेत आणि ती सांगताना त्यांना वीस मिनिटेही पुरली नव्हती.

सरकारी भाषेत हा ‘दक्षिणेच्या मुक्तीचा आणि देशाच्या एकीकरणाचा दिन’ आहे. रोजच्या बोलण्यात मात्र लोक नुसते ‘तीस-चार’ म्हणतात, म्हणजे चौथ्या महिन्याची तीस तारीख. शहराला आजचे नाव २ जुलै १९७६ रोजी मिळाले, तरी बहुतेक रहिवाशांच्या तोंडी ‘सायगॉन’च आहे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

रस्त्यांची नावे वाचता आली तर या उत्सवाचा निम्मा अर्थ उलगडतो. ज्या धक्क्यावरून तोफांची सलामी होते तो बाक दांग धक्का एका नदीच्या नावाने ओळखला जातो. त्या नदीत इ. स. ९३८ मध्ये न्गो क्वेन याने चिनी आरमार आणि १२८८ मध्ये त्रान हुंग दाव याने मंगोल आरमार बुडवले. धक्क्यासमोरच्या चौकात त्रान हुंग दावचा पुतळा आहे. लागूनच असलेला न्गुयेन ह्वे हा पादचारी रस्ता १७८९ मध्ये चीनच्या चिंग फौजांना हाकलणाऱ्या सम्राटाचा, ले लोय हा पंधराव्या शतकात चीनच्याच मिंग सत्तेशी दहा वर्षे लढलेल्या राजाचा, तर ‘नाम की खोय न्गिया’ हे १९४० च्या दक्षिणेतील उठावाचे नाव आहे. संचलन ज्या ले झुआन मार्गावर होते तो मात्र अलीकडचा. १९६० ते १९८६ या काळात कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व केलेल्या नेत्याचे नाव त्याला दिले आहे. एवढा पाठ घरी करून गेलात तर ध्वनिक्षेपकावरचे व्हिएतनामी निवेदन समजले नाही तरी कानावर पडणारी नावे ओळखीची वाटतील.

कोणते वर्ष आहे ते पाहून नियोजन करा

सैन्याचे मोठे संचलन दरवर्षी नसते. ले झुआन मार्गावर ते २०१५ मध्ये ४० व्या आणि २०२५ मध्ये ५० व्या वर्धापनदिनी झाले. एरवीच्या वर्षी झेंडे, रोषणाई, न्गुयेन ह्वे रस्त्यावरचे गाण्यांचे कार्यक्रम आणि रात्री नऊच्या सुमारास नदीकाठची आतषबाजी एवढाच बेत असतो. त्यासाठी एक संध्याकाळ पुरे होते. संचलनाच्या वर्षी मात्र महिनाभर आधी तयारीला लागावे लागते.

३० एप्रिलला जोडून १ मेची सुट्टी येते. २०२५ मध्ये २६ एप्रिलचा शनिवार कामाचा ठरवून सलग पाच दिवसांची सुट्टी दिली गेली होती. अशा वेळी बँका बंद असतात, उपाहारगृहांत सुट्टीचा जादा आकार लागतो आणि बसगाड्यांची, विमानांची तिकिटे लवकर संपतात. शहराबाहेरून येणार असाल तर व्हिसा आणि खोली मार्चमध्येच ठरवा. खोली मध्यवर्ती भागात मिळाली नाही तरी हरकत नाही, ती मेट्रोच्या पहिल्या मार्गाजवळ असावी. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला हा १९.७ किलोमीटरचा मार्ग बेन थान्हपासून सुओई तिएनपर्यंत जातो. त्याची नाट्यगृह आणि बा सोन ही भूमिगत स्थानके सोहळ्याच्या अगदी मध्यावर आहेत. त्या दिवसांचे मेट्रोचे वेळापत्रक वेगळे असते, ते आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

पत्त्यांबाबत एक सूचना. १ जुलै २०२५ पासून शहराची फेररचना झाली, जिल्हे रद्द झाले आणि जुन्या पहिल्या जिल्ह्याचे सायगॉन, बेन थान्ह, तान दिन्ह आणि काउ ओंग लान्ह असे प्रभाग झाले. टॅक्सीवाले आणि शेजारी अजूनही ‘क्वान मोत’, म्हणजे पहिला जिल्हाच म्हणतात.

रंगीत तालीम चुकवू नका

माझा ठाम सल्ला आहे की मुख्य दिवसापेक्षा रंगीत तालीम पाहावी. २०२५ मध्ये १८ आणि २२ एप्रिलला रात्री एकत्रित सराव झाला, २५ ला रात्री प्राथमिक तालीम झाली आणि २७ ला पहाटे पूर्ण रंगीत तालीम झाली. शेवटच्या तालमीला तेच गणवेश, तीच वाहने, तीच विमाने आणि तीच वेळ असते. गर्दी तेव्हाही प्रचंड असते, पण मुख्य दिवसापेक्षा थोडी कमी, आणि ३० तारखेला जागा मिळालीच पाहिजे ही धडपड आपल्याला करावी लागत नाही. तारखा आणि बंद रस्त्यांची यादी शहराचे पोलीस काही दिवस आधी जाहीर करतात. घरमालक किंवा कार्यालयातील सहकारी यांना विचारले तर ते ती लगेच फोनवर पाठवतात.

२५ तारखेला मी नवशिक्यासारखी गेले. स्कूटर घेऊन संध्याकाळी सातला निघाले, तोपर्यंत मध्यवर्ती रस्ते बंद झाले होते. दोन किलोमीटर अलीकडे एका पार्किंगवाल्याने नेहमीच्या कितीतरी पट पैसे घेतले आणि मी पोचले तेव्हा पुढे माणसांच्या दहा-बारा रांगा होत्या. मला दिसले ते फक्त वर धरलेल्या फोनांचे पडदे. त्याच आठवड्यात वाटेवरच्या एका कॅफेने सज्जातल्या खुर्चीसाठी आमच्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि दोन दिवस आधी सज्जा बंद राहणार असल्याचे कळवले. पैसे परत मिळवण्यात जूनचा मध्य उजाडला. संचलनाच्या मार्गावरील इमारतींवर सुरक्षेचे निर्बंध येतात आणि ते शेवटच्या क्षणीही बदलू शकतात, म्हणून खिडकी किंवा गच्ची विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये.

जागा निवडताना

ले झुआन मार्ग प्रासादासमोरून सुरू होऊन प्राणिसंग्रहालयापाशी संपतो. तुकड्या प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने निघतात, प्रासादाकडे चालत येतात आणि मानवंदना दिल्यावर वेगवेगळ्या रस्त्यांनी पांगतात. मुख्य व्यासपीठाजवळचा भाग निमंत्रितांसाठी राखीव असतो, तिथे जाण्याचा प्रयत्नच करू नये. सामान्य माणसासाठी उत्तम जागा म्हणजे हे पांगण्याचे रस्ते. तिथे सैनिकांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला असतो. कडेचे लोक हात पुढे करतात, पाण्याच्या बाटल्या देतात, आणि चालता चालता तेही हसून हात हलवतात. २७ तारखेला मी अशाच एका वळणावर उभी होते. महिला सैनिकांची एक तुकडी गेली तेव्हा शेवटच्या रांगेतल्या मुलीच्या हनुवटीवरून घाम ओघळून कॉलरमध्ये शिरत होता, आणि माझ्या बाजूची आजी आपल्या हातातला कागदी पंखा तिच्या दिशेने हलवत होती, जणू तेवढ्या अंतरावरून तिला वारा लागणारच होता.

ज्यांना विमाने पाहायची आहेत त्यांनी उंच इमारतींच्या मधला रस्ता टाळून नदीकाठ धरावा. समारंभाच्या सुरुवातीला झेंडे लटकवलेली हेलिकॉप्टरे येतात, पाठोपाठ याक-१३० आणि सुखोई-३० जातीची विमाने येतात, आणि सुखोईंनी आकाशात सोडलेले ज्वालागोळे काही क्षण तरंगत राहतात. राष्ट्रगीताबरोबर बाक दांग धक्क्यावरून तोफांच्या २१ सलाम्या होतात. आवाज छातीत घुमतो, म्हणून लहान मुलांच्या कानांत कापूस घाला किंवा त्यांच्यासाठी कानावरचे संरक्षक घेऊन जा. दोन्ही एकाच वेळी पाहता येत नाही. तालमीला रस्ता आणि मुख्य दिवशी नदी अशी वाटणी मी केली आणि ती योग्य ठरली.

सहा वर्षांखालची मुले किंवा गुडघ्याचा त्रास असलेले आईवडील बरोबर असतील तर मोठ्या पडद्यांजवळची जागा घ्या. न्गुयेन ह्वे रस्त्यावर झाडांच्या सावलीत बसून पडद्यावर पाहणारी व्हिएतनामी कुटुंबेही पुष्कळ असतात.

आदली रात्र

संचलन सकाळी साडेसहाला सुरू होते, म्हणून कित्येकांना पहाटे निघाले तरी चालेल असे वाटते. पुढची जागा हवी असेल तर तसे चालत नाही. २९ एप्रिलच्या दुपारपासूनच लोक चटया, पुठ्ठे आणि घडीच्या खुर्च्या घेऊन फुटपाथवर बसले होते. मी रात्री नऊला मेट्रोने गेले आणि मला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली.

सोबत काय घ्यावे, हे त्या रात्रीने शिकवले. एक पातळ चटई, प्रत्येकी दीड लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, पातळ रेनकोट, टोपी, फोन चार्ज करायला पॉवर बँक, ओले रुमाल आणि कचऱ्यासाठी पिशवी एवढे पुरे. एप्रिलचा शेवट हा इथल्या उन्हाळ्याचा कळस आणि पावसाळ्याचा उंबरठा असतो; दिवसा पारा ३५ अंशांपलीकडे जातो आणि संध्याकाळी अचानक सर कोसळते. छत्री उघडली तर मागच्यांचे दिसणे बंद होते, म्हणून छत्रीऐवजी रेनकोटच हवा. वैयक्तिक ड्रोनला परवानगीशिवाय मनाई आहे, ते घरीच ठेवा. पासपोर्टची प्रत जवळ ठेवा आणि आपल्या मुक्कामाची नोंद घरमालकाने पोलिसांकडे केली आहे ना, हे आधीच विचारून घ्या. एरवीही ती कायद्याने आवश्यक आहे. स्कूटरवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार या शहरात होतात, त्यामुळे बंद रस्त्याच्या बाहेर पडताना फोन हातात ठेवू नये. पोलिसांचा क्रमांक ११३, अग्निशमनाचा ११४ आणि रुग्णवाहिकेचा ११५ आहे. गर्दीत इंटरनेट मंदावते, म्हणून एकमेकांना भेटण्याची जागा तोंडी ठरवून ठेवावी.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, फक्त एक शब्द पाठ असावा लागतो: ‘चाय’. उच्चार आपल्या चहासारखा असला तरी त्याचा अर्थ शाकाहारी. ‘बान मी चाय’ म्हणजे मांस नसलेला पाव. मुगाच्या डाळीचा चिकट भात, म्हणजे ‘सोय’, पहाटे गाड्यांवर मिळतो आणि पोटाला आधार देतो. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर माशाचा सॉस असलेला पदार्थ पुढ्यात येऊ शकतो. बर्फाचा चहा, म्हणजे ‘चा दा’, त्या रात्री ठिकठिकाणी फुकट मिळत होता. दुकानदार पाव वाटत होते, आणि अनेक कार्यालयांनी व हॉटेलांनी आपली स्वच्छतागृहे लोकांसाठी उघडी ठेवली होती. बायकांसाठी ही फार मोठी सोय होती. अशी जागा दिसली की गरज नसतानाही जाऊन यावे, कारण पहाटे चारनंतर तिथल्या रांगा हलत नाहीत.

पहाट, आणि पुढची रांग

पाचच्या सुमारास सगळे उठतात, चटया गुंडाळतात आणि बसलेली गर्दी उभी राहते. हा क्षण धोक्याचा असतो, कारण मागचे लोक पुढे सरकतात. मुलांना कडेवर घ्या आणि चपलेचे पट्टे आवळा.

याच वेळी काही वयस्क माणसे छातीवर पदके लावलेला जुना हिरवा गणवेश घालून येताना दिसतात. हे माजी सैनिक. माझ्या पुढे दोन विद्यार्थी होते. त्यांनी रात्रभर राखलेली जागा अशा एका आजोबांना दिली आणि ते स्वतः मागे, माझ्याही मागे जाऊन उभे राहिले. आजोबा खुर्चीवर बसताना पदके एकमेकांवर आपटून बारीक आवाज झाला आणि आजूबाजूचे बोलणे आपोआप थांबले. आपण परदेशी आहोत आणि आपल्याला पहिल्या रांगेत जागा मिळाली असेल, तर ती अशा माणसाला देण्याची तयारी मनाने घरूनच करून यावी. त्या रांगेवर त्यांचा हक्क आपल्यापेक्षा मोठा आहे.

राष्ट्रगीत सुरू झाले की टोपी काढून स्तब्ध उभे राहावे. लाल कापडावर ताऱ्याचा टी-शर्ट घातलेला परदेशी माणूस पाहून लोकांना आनंद होतो, गालावर ताऱ्याचा स्टिकर लावायला अनोळखी मुली स्वतःहून पुढे येतात. मात्र झेंडा अंथरू नये, कमरेला गुंडाळू नये. राष्ट्रध्वजाचा अपमान इथे फौजदारी गुन्हा आहे. जुन्या दक्षिण व्हिएतनामचा पिवळा, तीन लाल पट्ट्यांचा झेंडा कपड्यावर, फोनच्या आवरणावर किंवा कुठेही असता कामा नये. सैनिकांच्या रांगेत घुसून छायाचित्र काढू नये. २०२५ मध्ये चीन, लाओस आणि कंबोडियाच्या तुकड्याही चालल्या. त्यांच्याबद्दल मोठ्याने शेरे मारणे टाळावे, शेजारी उभ्या असलेल्या कोणाला इंग्रजी येत असते.

संचलन संपल्यावर तासभर जागेवरच थांबा. सगळे एकदम निघतात तेव्हा मेट्रोच्या जिन्यांवर दाटी होते. त्या तासात तरुण मुले पिशव्या घेऊन फुटपाथ साफ करतात, त्यांना हातभार लावला तर वेळही सरतो.

संध्याकाळची आतषबाजी

दुपारी घरी जाऊन झोपा. ही सूचना किरकोळ वाटेल, पण ती न पाळणारे रात्री फार दमतात. २०२५ मध्ये शहरात ३० ठिकाणी आतषबाजी झाली, त्यातली बहुतेक ठिकाणे कमी उंचीच्या आतषबाजीची आणि उपनगरांत होती. नदीपलीकडच्या थु थिएम बाजूची बाग सर्वांत मोकळी आहे आणि समोर मध्यवर्ती शहराच्या इमारती दिसतात. त्या बाजूला राहणाऱ्यांनी तिथेच पाहावे, नदी ओलांडू नये, कारण पूल आणि बोगदा दोन्ही बंद होऊ शकतात. दिवसभराच्या गर्दीने जीव थकला असेल तर आपल्या भागातले छोटे केंद्र शोधावे. शेजाऱ्यांच्या गच्चीवरून पाहिलेली आतषबाजी मला तरी धक्क्यावरच्या गर्दीपेक्षा अधिक आवडते.

बोलताना

व्हिएतनामी भाषेत ‘तुम्ही’साठी एकच शब्द नाही, समोरच्या माणसाचे नाते लावूनच बोलावे लागते आणि आपल्याला ते परके वाटत नाही. ‘को’ म्हणजे आत्या, ‘चू’ म्हणजे धाकटे काका, ‘बाक’ म्हणजे वडिलांपेक्षा वयाने मोठे काका. हो ची मिन्ह यांना सगळा देश ‘बाक हो’ म्हणतो तो याच नात्याने. माजी सैनिकांना ‘बाक’ म्हणा, दोन्ही हातांनी पाण्याची बाटली द्या, आणि त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय ‘तुम्ही कोणाला मारले का’ असले प्रश्न विचारू नका.

सगळ्याच घरांत या दिवशी एकच भावना नसते. दक्षिणेच्या सैन्यात असलेल्या वडिलांची, समुद्रमार्गे निघून गेलेल्या भावंडांची घरे याच गल्लीत आहेत. माजी पंतप्रधान व्हो व्हान किएत यांच्या पत्नीचा आणि काही मुलांचा युद्धात मृत्यू झाला होता. तरीही २००५ मध्ये त्यांनी जाहीरपणे म्हटले होते की या घटनेची आठवण निघाली की लाखो लोक आनंदतात आणि लाखो लोक दुःखी होतात. माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना मी ‘को’ म्हणते, झेंडा पहाटे स्वतः लावतात आणि नंतर देव्हाऱ्यात दोन भावांच्या तसबिरींसमोर उदबत्ती लावतात. ते दोघे एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत होते, हे त्यांनी मला चौथ्या वर्षी सांगितले. मी विचारले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात फिरणाऱ्या एका संदेशाचाही उल्लेख करायला हवा. व्हिएतनामने शिवाजी महाराजांचे चरित्र वाचून अमेरिकेला हरवले, असा तो मजकूर आहे. त्याला आधार नाही आणि इथल्या लोकांना तो उत्साहाने ऐकवू नये. त्यांच्या लढ्यामागे बाक दांग नदीपासूनची त्यांची स्वतःची परंपरा आहे. महाराजांची गोष्ट सांगायचीच असेल तर ती गोष्ट म्हणून सांगावी, ते मन लावून ऐकतात. गनिमी काव्याची तुलना ते स्वतःच करू लागतात.

युद्धअवशेष संग्रहालय आणि कु चीचे भुयारी मार्ग सुट्टी संपल्यावर, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी पाहावेत. उत्सवाच्या दिवशी तिथे गर्दीही असते आणि त्या छायाचित्रांसमोर शांतपणे उभे राहता येत नाही.

भाड्याच्या घराला झेंड्याची दांडी असेल तर घरमालक तो लावतील किंवा तुम्हाला लावायला सांगतील. नवा, न विटलेला झेंडा कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळतो. तारा सुलटा, एक टोक वर येईल असा बांधावा. सुट्टी संपल्यावर तो उतरवताना हात लावून पाहावा: मेच्या पहिल्या सरींनी कापड ओले असते, आणि तसेच घडी करून ठेवले तर लाल रंग पिवळ्या ताऱ्यात उतरतो. ‘को’ आमचा झेंडा दोन दिवस जिन्यात, सावलीत वाळवतात आणि मगच २ सप्टेंबरच्या राष्ट्रीय दिनासाठी कपाटात ठेवतात.